‘एक कन्व्हर्टर घेतला की झालं’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

‘बार्बाडोसला बिऱ्हाड हलवताना’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांनी ती पाहिली नसेल तर थोडक्यात सांगते. लेख म्हणजे ‘रडगाणं’ आहे, मी नवख्यांना उगाच घाबरवते, किमती दिलेल्या नाहीत, शाळांवर दोनच ओळी आहेत. आणि विजेबद्दल, तुमच्याच शब्दांत: ‘एवढा बाऊ कशाला ताई, एक कन्व्हर्टर घेतला की झालं, आम्ही त्रिनिदादला दोन वर्षं तसंच चालवलं!!!’

आधी माझी चूक. लेखात ११० व्होल्ट लिहिलं होतं, इथला पुरवठा ११५ व्होल्टचा आहे, म्हणजे भारतातल्या २३०च्या निम्मा. दुरुस्त केलं. आभार.

आता ‘रडगाणं’. बाईने घरातल्या अडचणी लिहिल्या की ते रडगाणं, आणि पुरुषाने तेच आकडे टाकून लिहिलं की ते मार्गदर्शन, असा काही नियम आहे का? लेखात एकही उसासा नाही. व्होल्ट, वॉट आणि किलो आहेत. आणि ती तीन उद्गारचिन्हं कशासाठी होती, तेही कळलं नाही. मुद्दा पक्का असेल तर एका पूर्णविरामात भागतं.

तुम्ही दोन वर्षांचा दाखला दिलात, म्हणून मीही देते. माझा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आहे, लग्नाआधी सहा वर्षं पॅनेल जोडणीचं काम केलंय आणि या बेटावर हे अकरावं वर्ष. मिरवायला सांगत नाही. बरं, थोडं मिरवायलाच.

त्रिनिदादचा अनुभव बार्बाडोसला लावणं हीच पहिली गडबड. तिकडे वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची, इकडे ५०ची. तिकडे १८४५ पासून भारतीय मजूर नेले गेले, त्यामुळे डाळपुरी आणि चण्याचे डबल्स रस्त्यावर मिळतात. बार्बाडोसला तसे गिरमिटिये आले नाहीत. इथले जुने भारतीय प्रामुख्याने सुरतेकडून आलेले व्यापारी. ‘कॅरिबियन’ नावाचं एकच एक गाव नाही हो.

आणि ‘कन्व्हर्टर’ म्हणजे नेमकं काय? दुकानात या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली म्हणजे पिनचा आकार बदलणारा अॅडॉप्टर. आपल्या गोल पिना इथल्या चपट्या फटींत बसवायला तो लागतोच, पण व्होल्टेज तो तसूभरही बदलत नाही. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ छापलेलं असतं, त्यांना तेवढा पुरतो. दुसरी म्हणजे प्रवासात न्यायचा, मुठीत मावणारा कन्व्हर्टर. त्यावर १६०० वॉट लिहिलेलं पाहून लोक हुरळतात. यातले बरेचसे २२०चे ११० करणारे असतात, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या नेमके उलटे. शिवाय ते बनतात हेअर ड्रायरसारख्या निव्वळ तापणाऱ्या वस्तूंसाठी. आत वीज कापून द्यायची सोय असते. त्यावर मोटार गुरगुरते आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू जळू शकते. तिसरी वस्तू खरी: स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. आत लोखंडाचा गाभा आणि तांब्याचे वेढे, म्हणून वजनदार. १५०० वॉटचा खरा ट्रान्सफॉर्मर दहा-पंधरा किलोंच्या घरात जातो. विमानाची २३ किलोंची बॅग त्यातच अर्धी संपते.

मग भारतातल्या मिक्सरसाठी लेखात मी १५००चाच का सुचवला, ५०० का नाही? मिक्सर ७५० वॉटचा असला तरी सुरू होताना मोटार त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यात भांड्यात ओलं खोबरं आणि भिजवलेले तांदूळ. मोटारीसाठी किमान दुप्पट क्षमता धरायची, हा साधा हिशेब. दुसरी बाजू भिंतीतल्या सॉकेटची. ट्रान्सफॉर्मर वीज तयार करत नाही. भारतातली २००० वॉटची किटली त्यावर लावली तर भिंतीतून ११५ व्होल्टवर १७ अँपिअरच्या वर करंट जाणार. १५ अँपिअरचा ब्रेकर पडेल. ब्रेकर जुना आणि सुस्त असेल तर प्लग वितळेल, आणि मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर आधी तो वितळेल. किटली, इस्त्री, इंडक्शनची शेगडी भारतातून आणूच नये, असं मी लिहिलं ते याच हिशेबाने.

ट्रान्सफॉर्मर न लावता भारतातला ७०० वॉटचा राइस कुकर तसाच लावला तर? व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता चौथाईवर येते. १७५ वॉटमध्ये भात होत नाही, तांदूळ कोमट पाण्यात भिजत बसतात.

सगळं सामान अमेरिकेतून मागवणाऱ्यांची फजिती वेगळी. तिकडचं व्होल्टेज इथे चालून जातं, पण हर्ट्झ अडतं. केवळ ६० हर्ट्झसाठी बनलेली साध्या मोटारीची वस्तू ५०वर सुमारे १७ टक्के हळू फिरते आणि जास्त तापते. जुन्या बांधणीच्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर असाच तापून बसतो. विजेच्या लाटेवर चालणारं घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतं. वस्तूच्या पाठीवरची पाटी वाचायची: ५०/६० असेल तर घ्यायची, नुसतं ६० असेल तर दुकानातच ठेवायची. मिक्सरच्या ब्रशवाल्या मोटारीला मात्र हर्ट्झचं सोयरसुतक नसतं. त्यामुळे अमेरिकेत विकला जाणारा ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर इथे उत्तम चालतो. हे मूळ लेखात यायला हवं होतं. तुम्ही ते सुचवलं असतंत तर मी हात जोडले असते.

सगळ्यात सरळ उपाय तर तुमच्या प्रतिक्रियेत औषधालाही नाही. इथल्या घरांना सहसा ११५/२३० असा तीन तारांचा पुरवठा असतो. एसी आणि विजेची मोठी शेगडी २३०वरच चालते. घरमालकाची परवानगी घेऊन, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ओट्याजवळ २३०चा एक पॉइंट काढून घेतला की ट्रान्सफॉर्मरची गरजच नाही. हर्ट्झही भारतासारखेच ५०. फक्त एक धोका लक्षात ठेवायचा. या पॉइंटमध्ये न्यूट्रल, म्हणजे परतीची बिनधोक तार, नसतो; दोन्ही तारा जिवंत असतात. मिक्सरचं बटण त्यातली एकच तोडतं. भांडं अडकलं, पातं सोडवायचंय, तर बटण बंद करून भागत नाही. प्लग काढायचा, मगच हात घालायचा. याला तुम्ही ‘बाऊ’ म्हणणार असाल तर खुशाल म्हणा.

बाकीचं झटपट. किमती दिल्या नाहीत, कारण बहुतेक माल जहाजाने येतो आणि आकडे टिकत नाहीत. १७.५ टक्के व्हॅट धरा आणि दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा १९७५ पासूनचा ठरलेला दर लक्षात ठेवा. शाळांवर लिहीन तेव्हा लिहीन. ‘प्रेशर कुकरला कुठे वीज लागते’ हा विनोद पोचला. गॅसवर तो छानच चालतो, फक्त आपल्या कुकरच्या मापाची गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन-दोन घेऊन या.

एक विनंती. त्रिनिदादला दोन वर्षं चाललेल्या त्या कन्व्हर्टरच्या पाठीवर काय छापलंय, तेवढं इथे लिहाल का? इनपुट, आउटपुट आणि वॉट. वजनही टाका.