सुक्या पेंढ्यावर नुसतं कल्चर शिंपडू नका

एका लेखात म्हटलंय की भाताच्या सुक्या पेंढ्यावर लॅक्टिक जिवाणूंचं कल्चर (चारा आंबवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) शिंपडलं की मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला चारा, तयार. तसा होत नाही. या जिवाणूंना साखर आणि ६५-७० टक्के ओलावा लागतो. सुक्या पेंढ्यात ओलावा जेमतेम १० टक्के, साखर नावालाच. नुसतं पाणी मारून झाकलंत तर बुरशीच येणार. कल्चर हिरव्या मक्यासाठी ठेवा.

मुरबाड-शहापूरकडे ढिगाने पडणाऱ्या पेंढ्याला युरिया प्रक्रियाच बरी. तिथेही काम जिवाणूंचंच: पेंढ्यावर मुळात असलेले जिवाणू युरियाचा अमोनिया करतात, हा अमोनिया पेंढ्याचे तंतू सैल करतो. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून (खडा राहिला तर विषबाधा!). थरावर थर, झारीने सारखं शिंपडत, पायाने घट्ट तुडवत जा. ताडपत्रीने हवाबंद करून २१ दिवस. कडेला फट राहिली की अमोनिया उडतो आणि तिथेच काळी बुरशी धरते; तेवढा पेंढा फेकाच. चांगला उतरलेला पिवळसर-तपकिरी, मऊ, नाकात झोंबणारा असतो. दावणीत टाकण्याआधी तासभर पसरून ठेवा. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नको.