रोव्हर्स कप ‘आशियातली सर्वात जुनी स्पर्धा’ नाही, आणि बाय म्हणजे वशिला नाही

पुण्यातल्या फुटबॉलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की मुंबईचा रोव्हर्स कप ही आशियातली सर्वात जुनी फुटबॉल स्पर्धा होती, ती 110 वर्षं खंड न पडता झाली, 1911 मध्ये कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबनं अनवाणी खेळून गोऱ्यांना हरवलं ते याच कपात, गोऱ्या पलटणींना ‘बाय’ देऊन, म्हणजे एखादी फेरी न खेळवताच, पुढे काढलं जायचं, आणि खेळाडू सगळे निव्वळ हौशी होते. लिहिणाऱ्याचं रोव्हर्सवर प्रेम आहे हे दिसतं. आमचंही आहे. म्हणूनच हा मजकूर एखाद्या स्मरणिकेत छापला जाण्याआधी दुरुस्त व्हायला हवा.

‘सर्वात जुनी.’ नाही. डुरँड कप 1888 मध्ये शिमला परिसरात सुरू झाला, कलकत्त्याचा ट्रेड्स कप 1889 मध्ये. रोव्हर्सची स्थापना 1890 ची आणि पहिली स्पर्धा 1891 ची. ती वूस्टरशायर रेजिमेंटनं जिंकली. काही ठिकाणी 1890 तर काही ठिकाणी 1891 छापलेलं दिसतं ते यामुळेच. दोन्ही वर्षं बरोबर आहेत, फक्त एक स्थापनेचं आहे आणि दुसरं पहिल्या विजेत्याचं.

‘खंड न पडता 110 वर्षं.’ 1891 पासून शेवटच्या, म्हणजे 2001 च्या, स्पर्धेपर्यंत मोजलं की 110 येतात, पण ती वर्षं झाली, स्पर्धा तितक्या झाल्या नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात कप थांबला होता. कितवी स्पर्धा हे ठरवायला विजेत्यांची यादी वर्षवार लिहायची आणि रिकामी वर्षं वगळायची. विजेतेपदांची बेरीज करून आकडा काढायला गेलात तरी फसाल, कारण संयुक्त विजेते असतात. 1972 मध्ये ईस्ट बंगाल आणि मोहन बागान दोघांनाही कप मिळाला, म्हणजे स्पर्धा एक आणि विजेतेपदं दोन.

‘1911 चा विजय.’ तो आयएफए शील्ड या कलकत्त्याच्या स्पर्धेतला. 29 जुलैच्या अंतिम सामन्यात बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवलं. अकराही जण अनवाणी नव्हते, सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते. रोव्हर्समध्ये बागान आला 1923 मध्ये, अंतिम फेरीपर्यंत पोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून 4-1 हरला. हा कप पहिल्यांदा जिंकणारा भारतीय क्लब म्हणजे बंगलोर मुस्लिम्स, 1937 मध्ये. पुढच्या वर्षीही तोच जिंकला. या क्लबचं नाव मेसेजमध्ये नसावं याचं खरंच वाईट वाटतं.

आता बाय. मेसेजमध्ये ना वर्ष दिलंय, ना ड्रॉ, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी हे चिठ्ठ्या काढून ठरवलेला तक्ता. नुसता बाय मिळाला एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. बाद पद्धतीत संघांची संख्या 8, 16, 32 अशी नसली की बाय द्यावेच लागतात. समजा, ढोबरवाडीच्या मैदानावर 21 संघांची स्पर्धा आहे. पुढचा आकडा 32, म्हणून बाय 11. उरलेले 10 संघ पहिल्या फेरीत 5 सामने खेळतात, 5 विजेते आणि 11 बायवाले मिळून 16 होतात, आणि तिथून पुढे एकही बाय लागत नाही. एकूण सामने 20.

गडबड होते ती बाय पहिल्याच फेरीत संपवले नाहीत तर. 21 मधले 20 खेळवले आणि एकाला बसवलं, तर पुढे 11 उरतात. पुन्हा एक बाय. मग 6, मग 3, आणि उपांत्य फेरीत परत एक बाय. सामने तेव्हाही 20 च होतात, पण एकाच संघाच्या नावाची चिठ्ठी तिन्ही वेळा बायला निघाली तर तो फक्त एक सामना जिंकून अंतिम फेरीत पोचतो. समोरचा मात्र चार जिंकून आलेला असतो. यात कुणाची लबाडी असायची गरज नाही, तक्ता चुकीचा आखला की पुरे.

सुरुवातीच्या काळात असं व्हायचं, आणि तेही उघडपणे. इंग्लंडच्या पहिल्या एफए कपमध्ये, 1871-72 ला, 15 संघ होते आणि क्वीन्स पार्क एकही सामना न खेळता उपांत्य फेरीत पोचला. पुढच्या हंगामात गतविजेता वाँडरर्स नियमानंच थेट अंतिम सामन्यात उतरला.

ड्रॉ नीट काढायचा तर आधी 32 खान्यांचा तक्ता आखा. गतविजेता 1 नंबरला, उपविजेता 32 ला. बायचे खाने चिठ्ठ्या उचलण्याआधी नक्की करा, एका अर्ध्यात 6 आणि दुसऱ्यात 5, आणि एका जोडीत दोन बाय येऊ देऊ नका. मग सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढून तक्त्यावर संघांच्या प्रतिनिधींच्या सह्या घ्या. ड्रॉनंतर बाविसावा संघ घेतला तर कुणाचा तरी बाय काढून घ्यावा लागतो आणि भांडण तिथूनच सुरू होतं, म्हणून प्रवेशाची मुदत ड्रॉच्या आधीच संपली पाहिजे. ड्रॉनंतर एखाद्या संघानं माघार घेतली तर नवा ड्रॉ काढायचा नाही, प्रतिस्पर्ध्याला वॉकओव्हर, म्हणजे न खेळता विजय, द्यायचा. नोंदीत वॉकओव्हर हा विजय असतो. बाय हा सामनाच नसतो. दोन्ही एकाच खुणेनं लिहिलं तर पुढे तक्ता वाचणाऱ्याला वशिला दिसणारच.

‘निव्वळ हौशी.’ हे अर्धंच खरं. आधी पलटणी होत्या, त्यांचा पगार फौजेचा. 1942 चा विजेता बाटा कंपनीचा संघ, 1950 ते 1954 सलग पाच वेळा हैदराबाद सिटी पोलिस, 1958 ला मुंबईचा कॅल्टेक्स या तेल कंपनीचा संघ. खेळण्याचा पगार नव्हता, पण खेळामुळे नोकरी होती, आणि प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली घडलेला हैदराबाद पोलिसांचा संघ त्या काळी देशातल्या सर्वांत तयारीच्या संघांपैकी एक होता. स्मरणिकेत ‘हौशी’ लिहायचंच असेल तर विजेत्या संघाच्या नावापुढे तो पलटणीचा, खात्याचा, कंपनीचा की क्लबचा हेही लिहा.