चिनी पद्धतीच्या डोळ्यांच्या व्यायामाने नंबर उतरत नाही

चीनच्या शाळांत रोज साधारणपणे दोनदा स्पीकरवर संगीत लागतं, कुणीतरी आकडे मोजतं आणि अख्खा वर्ग डोळे मिटून चेहरा दाबायला लागतो. १९६३ साली बीजिंगमधून सुरू झालेला हा डोळ्यांच्या व्यायामाचा प्रकार आहे, जेमतेम पाच मिनिटांचा. याने चष्म्याचा नंबर उतरतो, असं सांगितलं जातं. मधेच कुणी डोळे किलकिले केले तर तपासणीला फिरणारी मुलं वर्गाचे गुण कापतात.

जुन्या चार भागांच्या पद्धतीत प्रत्येक भागाला आठाचे आठ आवर्त, म्हणजे ६४ आकडे. आधी अंगठ्याने भुवईच्या नाकाकडच्या टोकाखालचा डोळ्याच्या खोबणीचा कोपरा चोळायचा. मग अंगठा आणि तर्जनीने नाकाचं मूळ चिमटीत धरून एकदा खाली दाबायचं, एकदा वर. मग तर्जनीने डोळ्याखालच्या गालाच्या हाडावर गोल फिरवायचं. शेवटी अंगठे कानशिलांवर ठेवून, दुमडलेल्या तर्जनीच्या कडेने खोबणीची वरची आणि खालची कड आतून बाहेर घासायची. २००८ च्या सुधारित आवृत्तीत सहा भाग आहेत. त्यात मानेमागचे बिंदू आले, कानाच्या पाळ्या आल्या आणि चक्क पायाच्या बोटांनी जमीन धरणंही आलं.

दाब नेहमी हाडावर, बुबुळावर कधीच नाही. नखं कापलेली आणि हात साबणाने धुतलेले हवेत, नाहीतर डोळे आलेच म्हणून समजा. ॲलर्जीने डोळे खाजवणाऱ्या मुलाला तर यात ओढूच नका. चोळायची सवय कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, महागात पडते.

आता मुद्द्याचं. मायनस नंबर वाढतो तो बहुतेक वेळा डोळा मागच्या बाजूने लांब होत गेल्यामुळे. एक मिलिमीटर लांबी वाढली की साधारण अडीच नंबर. कपाळ आणि गाल दाबून ही लांबी कमी कशी होणार? व्यायामाचा खरा फायदा एवढाच, की पाच मिनिटं पुस्तक बंद राहतं. हा व्यायाम वर्षानुवर्षं चालू असूनही २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत चीनमधल्या ५३.६ टक्के मुलांना आणि किशोरांना मायोपिया, म्हणजे मायनस नंबर, निघाला.

मग 'आमच्या मुलाचा नंबर उतरला' हे कुठून येतं? जवळचं बघून बघून डोळ्याचा स्नायू आखडलेला असतो, तेव्हा थेंब न टाकता तपासलं तर नंबर उगाच जास्त दिसतो. पुढच्या खेपेला स्नायू सैल असला की कमी दिसतो. श्रेय व्यायामाला. म्हणून लहान मुलांचा नंबर हा स्नायू सैल आणि बाहुली मोठी करणारे थेंब टाकूनच काढून घ्या.

उपयोग ज्याचा दिसलाय ती गोष्ट अगदी साधी आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहराच्या १२ प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटं जादा बाहेर घालवली. तीन वर्षांनी त्यांच्यात ३०.४ टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. खेळलंच पाहिजे असंही नाही, सावलीतलाही उजेड वर्गातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. मात्र ज्याला आधीच चष्मा आहे त्याचा वाढता नंबर रोखायला एवढं पुरत नाही. त्याच्यासाठी कमी मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब किंवा खास भिंगं असतात, तीही डोळ्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

चीनच्याच शाळांतला आणखी एक नियम मात्र जरूर उचला : डोळे पुस्तकापासून सुमारे ३३ सेंटिमीटर, छाती टेबलापासून एक मूठ, बोटं पेनाच्या टोकापासून सुमारे ३ सेंटिमीटर. बोटं टोकाजवळ आली की अक्षर झाकलं जातं, ते बघायला मूल मान वाकडी करतं आणि नाक वहीला टेकवतं. तेव्हा आधी पेन धरायची पद्धत बघा.