"तुम्ही आधी चेक करायला हवं होतं"

माझ्या मावसबहिणीनं पुण्याबाहेर फ्लॅट घेतला. ब्रोशरवर ठळक अक्षरांत छापलं होतं, '२४ तास महापालिकेचं पाणी'. राहायला गेल्यापासून सोसायटीत टँकर येतायत. साइट ऑफिसात विचारायला गेली तर म्हणाले, "मॅडम, ते तुम्ही आधी चेक करायला हवं होतं."

आणि ताई घरी येऊन मला म्हणते, "चुकलंच गं माझं."

नाही ताई, तुझं काहीही चुकलेलं नाही. खोटं छापायचं त्यांनी आणि खाली मान घालायची तू? मला हे सहनच होत नाही.

१८७२ च्या करार कायद्यात कलम १८ आहे, मिसरिप्रेझेंटेशनचं, म्हणजे चुकीची माहिती देऊन करार करायला लावण्याचं. बोलणाऱ्याला स्वतःला ते खरं वाटत असलं तरी, हातात आधार नसताना त्यानं ठासून सांगितलं आणि त्यावर विसंबून तुम्ही सही केली, तर कलम १९ प्रमाणे तो करार तुम्ही रद्द करू शकता. मात्र त्याच कलमात एक पळवाट आहे. साधी चौकशी केली असती तर खरं कळलं असतं, असं ठरलं की हा हक्क जातो. ठरवून, धडधडीत खोटं सांगितलं असेल तर ही पळवाट चालत नाही. पण 'ठरवून' हे सिद्ध कोण करणार? ज्याची फसवणूक झाली त्यानंच!

इंग्लंडमध्ये १८८१ साली रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड हा खटला झाला. रेडग्रेव्ह या वकिलानं भागीदार व्हायला आलेल्या हर्डला आपल्या वकिलीचं उत्पन्न वर्षाला ३०० पौंडांच्या आसपास सांगितलं, प्रत्यक्षात ते २०० च्या घरात होतं. कागद समोर होते, हर्डनं नीट पाहिले नाहीत. तरी कोर्ट म्हणालं, तपासायची संधी होती एवढ्यावर चुकीचं सांगणारा सुटत नाही. मला हाच न्याय पटतो. आयुष्यभराची पुंजी घेऊन आलेल्या माणसानं छापील शब्दावर विश्वास ठेवला, हा काय गुन्हा आहे?

घरांच्या बाबतीत २०१६ च्या रेरा कायद्यानं, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानं, बरंच सावरलंय. कलम १२ पाहा. जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट पाहून पैसे भरले, त्यातली माहिती खोटी निघाली आणि नुकसान झालं, तर बिल्डरनं भरपाई द्यायची. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर सगळे पैसे व्याजासकट परत. 'आधी चेक केलं होतं का' ही अट त्या कलमात कुठेही नाही.

ताईला घर सोडायचं नाहीये, मुलांची शाळा तिथंच आहे. तिला भरपाई हवीय. ब्रोशर तिनं रद्दीत घातलं नव्हतं, अॅग्रीमेंटच्या फाइलमध्येच सापडलं. टँकरच्या पावत्या सोसायटीकडून मागवल्यात. रविवारी आम्ही दोघी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, करायची तक्रार लिहायला बसतोय.