गठ्ठे : अंदाजे

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात माणसाची किंमत त्याच्या टेबलावरून ठरते. आस्थापनेच्या टेबलासमोर गुरुजी उभे राहतात, वेतनाच्या टेबलासमोर मुख्याध्यापक उभे राहतात, आणि मान्यतेच्या टेबलासमोर खुद्द संस्थाचालक उभे राहतात, तेही येताना खाली चहा सांगून. अभिलेख कक्षाला, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीला, टेबलच नसतं. तिथे एक स्टूल असतं आणि त्याच्या आखूड पायाखाली घडी घातलेलं एखादं परिपत्रक असतं. हे टेबल, म्हणजे स्टूल, कुणी मागून घेत नाही. ज्याच्यासाठी वरून फोन येत नाही त्याच्याकडे ते आपोआप येतं. माझ्याकडे आलं.

माझ्या आधीचे वरिष्ठ सहायक ३१ मे रोजी निवृत्त झाले. ३१ मेलाच का, असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. पूर्वी पोराला शाळेत घालायला बाप आला की गुरुजी जन्मतारीख विचारायचे, बाप म्हणायचा, "पोळ्याच्या आगंमागं झालंय बघा," आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या एका सोयीपायी आमची अर्धी जिल्हा परिषद १ जूनला जन्मलेली आहे, आणि ३१ मेला निरोप समारंभासाठी सभागृह आणि हार दोन्ही मिळत नाहीत. साहेब हाराच्याच घाईत होते. त्यांनी प्रभार यादी माझ्या हातात दिली. 'लोखंडी कपाटे – ९. पैकी उघडणारी – ६. लाकडी रॅक – ४. शिडी – १ (एक पायरी कमी). गठ्ठे – अंदाजे.'

पुढे आकडा नव्हता. नुसतंच अंदाजे. मी म्हटलं, "साहेब, किती ते?" ते म्हणाले, "मीही असेच घेतले होते," आणि सही करून सत्काराला निघून गेले.

तसं कागदावर आमचं सगळं चोख आहे, आणि हा एक कागद हमखास सापडतो. अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत. अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षं, क १० वर्षं, क-१ ५ वर्षं आणि ड १ वर्ष. कोणत्या वर्गाच्या गठ्ठ्याला कोणत्या रंगाचा रुमाल बांधायचा तेही ठरलेलं आहे. अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखीना यांनी १९८० च्या दशकात दप्तर लावायची जी शिस्त घालून दिली, तिचं नाव आजही प्रत्येक प्रशिक्षणात आदराने घेतलं जातं. प्रशिक्षणात चहा-बिस्किटं असतात. मी सगळी प्रशिक्षणं केलेली आहेत.

प्रत्यक्षात आमच्या कक्षाची मांडणी पावसाने केली आहे. जिथे छत गळतं तिथले गठ्ठे जिथे गळत नाही तिथे सरकवायचे. पुढच्या पावसाळ्यात तिथेही गळायला लागलं की आणखी पुढे. त्यामुळे १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हाचे ठराव संगणक खरेदीच्या देयकांखाली निघतात. रुमालांचंही तेच. लाल रुमाल सोडला तर आतून स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिका पडतात, कारण 'त्या साली लालच कापड आलं होतं'.

या सगळ्याची सूची एकाच ठिकाणी आहे, आमच्या परिचर मामांच्या डोक्यात. पण तिथे नोंदी साल आणि विषयाने लावलेल्या नाहीत.

"मामा, १९९३ च्या बदल्यांची नस्ती?"

"त्र्याण्णव? किल्लारीच्या भूकंपाच्या आधीची का नंतरची?"

"असेल जूनमधली."

"म्हणजे आधीची. ती खिडकीकडं. भूकंप झाल्यावर आम्ही भिऊन जड गठ्ठे समदे खाली घेतले ना."

आणि नस्ती, म्हणजे फाइल, खरोखरच खिडकीकडे निघते. एकदा अधीक्षक साहेब म्हणाले, "मामा, हे सगळं एका वहीत लिहून काढा." मामा म्हणाले, "लिहिता आलं असतं तर क्लार्क नसतो का झालो, साहेब?" मामांना लिहिता उत्तम येतं. आपली किंमत कशात आहे, हेही त्यांना उत्तम कळतं.

आता येणाऱ्या माणसांबद्दल. आमच्याकडे कुणी सहज येत नाही. येतो तो अडलेला असतो. एका खासगी अनुदानित शाळेतले गुरुजी आले होते. पेन्शनचं प्रकरण अडलेलं, कारण १९९१ च्या वैयक्तिक मान्यतेचा, म्हणजे त्यांच्या नेमणुकीला खात्याने दिलेल्या मंजुरीचा, आदेश त्यांच्याकडेही नाही आणि संस्थेकडेही नाही. म्हणाले, "मी आहे. तीस वर्षं पगार उचललाय. माझा एक विद्यार्थी तर आमदार झालाय. पण मी नोकरीला लागलो होतो, याला पुरावा नाही." मी आणि मामांनी तिसरं कपाट रिकामं केलं. मान्यता निघाली नाही. निघाली ती पोती.

म्हणजे पोत्यांच्या नस्त्या. १५ ऑगस्ट १९९५ ला शालेय पोषण आहार योजना सुरू झाली, तेव्हा शाळेत अन्न शिजत नव्हतं. ज्या मुलाची हजेरी ८० टक्के भरली त्याला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. तांदूळ पोत्यातून यायचा. तांदूळ वाटून संपला की मागे पोतं उरायचं, आणि पोतं ही शासनाची मालमत्ता. मग प्रत्येक शाळेकडून हिशोब : रिकामी पोती किती, उंदरांनी कुरतडलेली किती, विकली किती, पैसे चलनाने भरले किती. एका मुख्याध्यापकांचं सुवाच्य अक्षरातलं पत्र मी तिथेच उभ्या उभ्या वाचलं : 'सदर दोन पोती वर्गाच्या दारात पाय पुसण्यासाठी वापरात आहेत. ती परत करण्यास आमची हरकत नाही, तथापि पाय पुसले गेले आहेत.' समासात शेरा होता, 'मूल्यांकन करून फेरसादर.' फेरसादरही झालं होतं. पानांवर क्रमांक होते, टाचण्यांना गंज नव्हता, एका कोपऱ्याला साधी ओल नव्हती. आमच्या वाळवीने गुरुजींची अख्खी नोकरी खाल्ली, पण पोत्यांच्या हिशोबाला तोंड लावलं नाही.

गुरुजी ते पत्र वाचून हसले नाहीत. त्यांच्या शाळेतलंच होतं.

२०२३ च्या शेवटी मात्र या कक्षाला असे दिवस आले की आस्थापनेचं टेबल ओस पडलं. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि ज्या खोलीत मामा दुपारी पंचा टाकून झोपत, तिथे व्हिडिओ काढणारी माणसं आली. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. बंद पडलेल्या शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं शेवटी आमच्याच गळ्यात पडतात, आणि त्या काळातली उर्दूत. आम्हा कुणालाच ती उलटी धरली आहेत की सुलटी, हे सांगता येईना. मग उर्दू शाळेतले एक निवृत्त सर बोलावले.

सर खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, रजिस्टर उघडलं आणि म्हणाले, "वा! काय हात आहे लिहिणाऱ्याचा!" बाहेर जिन्यापर्यंत रांग, आणि सर अक्षरावर खूश. एकेका वळणावर थांबून दाद द्यायचे. त्यात तारखा फसली सनाच्या. फसली सन ऑक्टोबरात सुरू होणारं, महिने आजूर, दै, बहमन असे. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांना ५९० मिळवायचे, जानेवारी लागल्यावर ५९१. इथे एकाचा घोळ झाला की मुलगा जन्मायच्या आधी पहिलीत बसतो. आणि आम्हाला वरून जो तक्ता भरायला आला होता त्यात दिनांकाच्या रकान्यात जानेवारी ते डिसेंबरच होते. 'आबान' टाकलं की तो रकाना लाल व्हायचा.

ज्यांची नोंद सापडली त्यांनी मला पेढा दिला आणि सरांच्या पाया पडले. ज्यांची सापडली नाही त्यांनी 'तुम्ही लोकांनीच गायब केलं' असं सुनावलं. सरांना कुणी काही बोललं नाही.

त्या दिवसांत नंतरची मराठी रजिस्टरंही चाळून झाली. त्यातला मला आवडलेला रकाना 'शाळा सोडल्याचे कारण' हा. 'गुरे राखतो.' 'लग्न झाले.' 'सालाने राहिला.' एका ठिकाणी, बहुधा खुद्द मास्तरांनीच टाक बुडवून, 'मास्तरास भितो.' आजच्या पोर्टलवर हा पर्याय ठेवलेला नाही.

माहिती अधिकारवाले एक काका आहेत. नियमाने अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. काका विषय लिहितात 'जावक नोंदवही', आणि मजकूर एका ओळीचा : 'स्थापनेपासून आजतागायत सर्व पाने, साक्षांकित.' १४० च्या वर शब्द शिल्लक ठेवतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला असतो. पानाला २ रुपयांप्रमाणे रक्कम भरा असं कळवलं, की काका अपिलात जातात. पैशासाठी नव्हे, 'सर्व पाने' म्हणजे किती हे आम्ही कळवलं कसं, यासाठी. कारण आधीच्याच उत्तरात आम्ही लिहिलेलं असतं की नोंदवह्या वाळवीने नष्ट झाल्या आहेत.

इथे आमच्या खात्यातला सगळ्यात मोठा पेच येतो. कागद हरवायला काहीच लागत नाही. टिपणी नाही, समिती नाही, विहित नमुना नाही. तो हळूहळू, सर्वांच्या संमतीने हरवतो. नष्ट करायला मात्र यादी लागते, वर्गवारी लागते, मुदत संपल्याचा दाखला लागतो आणि सह्या लागतात. वर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. नियम डावलून अभिलेख नष्ट केले तर ५ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वाळवीला हा अधिनियम लागू नाही. म्हणून आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी नष्ट करण्याचं काम तिच्याकडे सोपवलं आणि स्वतः फक्त सरकवासरकव केली.

२०२५ च्या सुरुवातीला शासनाचा १०० दिवसांचा कार्यक्रम आला आणि ही व्यवस्था मोडली. कार्यालय स्वच्छ करा, अभिलेखांचं निंदणीकरण करा, म्हणजे मुदत संपलेले कागद काढून टाका, फोटो पाठवा. मी आणि मामांनी तोंडाला रुमाल बांधले (लालच, ते भरपूर होते) आणि मुदत संपलेल्या नस्त्यांची लांबलचक यादी केली. सहीसाठी अधीक्षक साहेबांना खोलीत आणलं.

साहेबांनी पहिला गठ्ठा पाहिला. २०११ ची पटपडताळणी. ३ ते ५ ऑक्टोबरला राज्यभर एकाच वेळी पोरं मोजली होती, बोटाला शाई लावून. "हे राहू द्या. कोर्टात गेलं होतं." दुसरा गठ्ठा, शिक्षकांच्या किरकोळ रजा. "राहू द्या. कुणी न्यायाधिकरणात गेलं तर?" तिसरा, १९८८ च्या क्रीडास्पर्धांचं जेवणाचं बिल. साहेब थोडे थांबले. "यातला कुणी आता मोठा अधिकारी झाला असेल. राहू द्या." ड वर्गात १ वर्षासाठी आलेले कागद साहेबांच्या एकेका 'राहू द्या'ने अ वर्गात चढत गेले. इतक्या झटपट बढत्या आमच्या खात्यात कुणाच्या झालेल्या नाहीत.

फोटो तर पाठवायचे होते. शेवटी साहेब घाम पुसत म्हणाले, "ज्याला कुणी बाप नाही असं काहीतरी दाखवा." मामा शिडीवर चढले, गाळलेली पायरी सवयीने ओलांडली आणि पोत्यांच्या नस्त्या खाली टाकल्या. साहेबांनी पाय पुसण्याचं पत्र वाचलं. योजना बदललेली, घरपोच तांदूळ केव्हाचा बंद, पोती केव्हाची कुजलेली, मुख्याध्यापक केव्हाचे निवृत्त. सगळ्यांचं एकमत झालं. सह्या झाल्या. तीन दरपत्रकं मागवून रद्दी दिली, कागद आमच्यासमोर फाडले, पैसे चलनाने भरले. आधीचा आणि नंतरचा असे फोटो पाठवले. नंतरच्या फोटोत मामा हसताहेत.

पुढे स्थानिक निधी लेखापरीक्षेचं पथक आलं. रद्दीचं वजन बरोबर, दर बरोबर, चलन बरोबर. लेखापरीक्षकांनी तो फोटो जवळ घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ही रद्दी ज्या पोत्यांत भरलीय, ती पोती कुणाची?"

मी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "आपलीच की, साहेब. पाचव्या कपाटाच्या मागं दडपलेली होती. तांदळाची."

"साठा नोंदवहीत घेतलेली आहेत?"

नव्हती. विनानोंद शासकीय पोती वापरली आणि रद्दीसोबत देऊनही टाकली, असा रीतसर आक्षेप निघाला. मी नवी नस्ती उघडली, विषय 'रिकामी पोती – अनुपालन', दीड पानाची टिपणी लिहिली आणि साहेबांसमोर ठेवली. संध्याकाळी ती परत आली. हिरव्या शाईत एकच शेरा होता :

'मागील नस्तीसह सादर करावे.'