‘एका स्विचसाठी एवढा खटाटोप?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या गाडीत ब्रेक लाईटचा स्विच वेळीच बदलावा, सोबत रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच) लावावा आणि शेवटी ब्रेकमधली हवा काढावी, या माझ्या सल्ल्यावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचे आक्षेप असे: ब्रेक लाईटचा स्विच बदलण्याचं पाच मिनिटांचं काम मी उगाच वाढवलं, रिले लावल्याने जुन्या गाडीचं मूळ रूप बिघडतं, आणि स्विच बदलल्यावर ब्रेकमधली हवा काढायची काहीच गरज नसते.

जुना स्विच काढून नवा बसवायला पाच मिनिटं पुरतात, हे मान्य. पण बदलायचा कधी? तुम्ही म्हणता, लाईट लागेनासा झाला की. माझा विरोध आहे तो इथेच. ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा हा स्विच सहसा एका दिवसात मरत नाही. आतले कॉन्टॅक्ट (एकमेकांना टेकून करंट सोडणारे धातूचे तुकडे) जळत जातात आणि लाईट लागायला अधिकाधिक दाब लागू लागतो. पेडल जोरात दाबलं की लाईट लागतो, म्हणून आपण निर्धास्त राहतो. सिग्नलकडे जाताना नुसता पाय टेकवून गाडी हळू करतो तेव्हा मात्र मागे अंधार असतो, आणि मागच्या चालकाला काही कळत नाही. पूर्ण बंद पडलेल्या स्विचपेक्षा हा जास्त घातक, कारण तपासताना तो पास होतो!

अंधारात गाडीची मागची बाजू भिंतीकडे करा आणि पेडल अगदी सावकाश दाबत जा. पेडल कडक लागायला लागलं की भिंतीवर लाल उजेड पडायला हवा. आणखी रेटावं लागलं तर मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) काढा. पेडल दाबलेलं असताना स्विचच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज जवळजवळ शून्य हवं. एखाद-दोन व्होल्ट तिथेच अडकत असतील तर स्विच गेलाच म्हणून समजा. लाईट अजिबातच लागत नसेल, तर दोन्ही वायरी स्विचवरून काढून एकमेकींना जोडा. लागला तर बल्ब, फ्यूज, अर्थिंग सगळं ठीक आहे, दोष स्विचचाच. (नंतरच्या फोक्सवॅगन बीटल गाडीच्या स्विचला तीन पिना असतात, त्यातली एक ब्रेकच्या इशारा-दिव्याची. तिथे वायरी ओळखूनच हात लावा.)

आता रिले. 21 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर, आणि 6 व्होल्टच्या गाडीत तब्बल 7. शिवाय थंड फिलामेंट पहिल्या क्षणी त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. हा सगळा भार त्या एवढ्याशा कॉन्टॅक्टवर पडतो. रिले लावला की स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा (आतल्या तारेच्या वेटोळ्याचा) करंट जातो, साधारण पाव अँपिअरच्या आत. मूळ वायर कुठेही कापायची नाही, पिनांनीच जोडायची. उद्या प्रदर्शनात गाडी न्यायची झाली तर रिले काढून सगळं पूर्ववत करता येतं. ‘बिघडायला आणखी एक वस्तू’ हा तुमचा मुद्दा मात्र रास्त आहे, म्हणून एक जादा रिले गाडीत ठेवावा. आणि झिजलेला स्विच रिलेने सुधारत नाही. आधी नवा स्विच, मग रिले.

हवा काढण्याबद्दल मी ठाम आहे. स्विच काढला की ब्रेकची लाईन उघडी पडते. ब्रेक ऑइलची टाकी स्विचच्या वर असेल तर ऑइल आपोआप झिरपत राहतं आणि नवा स्विच झटपट बसवला तर हवा शिरतही नाही. तुमच्या गाडीत तेच होत असावं. पण स्विच लाईनच्या उंच जागी असेल तर हवा तिथेच अडकते आणि ती काढावीच लागते. सगळ्यांच्या गाड्या तुमच्यासारख्या नसतात आणि हा विषय ब्रेकचा आहे. काम चालू असताना पेडलला कुणी हात-पाय लावू नये, आणि ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवावं, नाहीतर रंग सुटतो.

स्विचच्या आट्यांवर गुंडाळायला तुम्ही सुचवलेली टेफ्लॉन टेप (नळाच्या जोडाला गळती थांबवायला लावतात ती पांढरी पट्टी) कृपया वापरू नका. कित्येक जुन्या गाड्यांत स्विचचे आटे निमुळते असतात, ते आट्यांवरच घट्ट बसतात. टेपचा तुकडा सुटून ब्रेकच्या लाईनमध्ये गेला तर बारीक भोक बुजू शकतं. बेताने आवळा, पेडल दाबून धरा, आणि कोरड्या कापडाने स्विचचा बुंधा पुसून बघा. कापड ओलं झालं तर थोडं आणखी आवळा.