प्रशासकच बरे, म्हणता?

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महापालिकेची निवडणूक होऊन गेली तरी एक वाक्य फिरतंच आहे: ‘प्रशासक होते तेच बरं होतं, कटकट नव्हती.’ मुदत संपली मार्च २०२२ मध्ये, मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते, आणि त्याचं कुणाला फारसं सोयरसुतक नव्हतं. डब्लिनमध्ये बसून हे वाचताना मला चार्ल्स लुकास आठवतो.

लुकास इथला औषधविक्रेता. १७४०च्या दशकात तो थेट महापालिकेशीच भांडला. तिथली आल्डरमन, म्हणजे वरिष्ठ नगरसेवक, मंडळी रिकाम्या जागा आपसात भरत, शहराला विचारत नसत. १७४९ मध्ये आयरिश संसदेनं त्याला देशाचा शत्रू ठरवलं, परागंदा व्हावं लागलं. परत आला तो १७६१ मध्ये डब्लिन शहराचा खासदार झाला.

आयरिश संसदेत तेव्हा ३०० जागा होत्या, प्रत्येक मतदारसंघाला दोन. कित्येक गावांच्या जागा कुणा जमीनदाराच्या खिशात असत. डब्लिनच्या दोन जागांसाठी मात्र खरोखर मतं मागावी लागत. अर्थात प्रोटेस्टंटांचीच, कॅथलिकांना १७२८ ते १७९३ मताधिकारच नव्हता. आणि मुदत? राजा जिवंत असेपर्यंत! दुसऱ्या जॉर्जच्या काळात एकच संसद ३३ वर्षं चालली. लुकास आणि मंडळींनी रेटा लावला तेव्हा कुठे १७६८ मध्ये आठ वर्षांची मर्यादा आली.

१८०० च्या कायद्यानं ती संसदच १ जानेवारी १८०१ पासून ब्रिटिश संसदेत विलीन झाली. ज्यांच्या खिशातली गावं गेली त्यांना गावामागे १५,००० पौंड भरपाई. मतदारांना छदाम नाही. कॉलेज ग्रीनवरची इमारत बँकेला विकली, तिथे आजही बँकच आहे. लॉर्ड्सचं, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचं, दालन भिंतीवरच्या विणलेल्या चित्रांसकट शाबूत आहे. कॉमन्सचं, म्हणजे निवडून आलेल्यांचं, मात्र मोडून टाकलं. तिथे पुन्हा सभा भरायला नको, हा हिशेब.

मी इथला नागरिक नाही, तरी स्थानिक निवडणुकीत मत देतो. इथे राहणाऱ्या कुणाही प्रौढाला तो हक्क आहे. म्हणून इथलं सगळं आदर्श आहे असं मात्र नाही. १९२४ मध्ये सरकारनं डब्लिनची महापालिका बरखास्त करून तीन कमिशनर नेमले, ते १९३० पर्यंत राहिले. कारभार सुधारला, अशी वाहवाही झाली. मग नगरसेवक परतले, पण त्यांच्याबरोबर सरकारी पद्धतीनं नेमलेला मॅनेजरही आला. आजही रोजचा कारभार नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याच्या हाती, आणि महापौर वर्षभराचा मानकरी.

त्यामुळे ग्रुपवर मी एवढंच विचारलं: तुमच्या प्रभागातून निवडून आलेल्यांना कुणी विचारलंय का, की त्या चार वर्षांत प्रशासकांनी एकट्यानं मंजूर केलेल्यांपैकी कोणते ठराव ते पुन्हा चर्चेला घेणार आहेत?